भीमाशंकर अभयारण्याच्या काठाने माउंटन बाइकिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून नाशिक रस्त्याला लागलं की आधी राजगुरुनगर येतं, मग मंचर. या दोन्ही ठिकाणांहून पश्चिमेला वळलं की रस्ता हळूहळू भीमाशंकरच्या रानाकडे चढत जातो. राजगुरुनगरहून चास, वाडा करत भोरगिरीकडे, आणि मंचरहून घोडेगाव, डिंभे करत तळेघर, आहुपे नाहीतर थेट देवळाकडे. या दोन रस्त्यांच्या आजूबाजूला पाणंदी आहेत, ढोरवाटा आहेत, मुरमाचे माळ आहेत, दोन धरणांचे काठ आहेत. गेल्या काही वर्षांत जाड टायरच्या सायकली इकडे बऱ्याच दिसायला लागल्या आणि त्यांच्यामागून तेच तेच प्रश्नही यायला लागले. उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. अभयारण्याबाहेरच सायकलीसाठी इतकं काही आहे की आत घुसायची गरज नाही, हे आमचं मत. ते लपवायचा प्रयत्न केलेला नाही.

अभयारण्याच्या आत सायकल चालवता येते का?

डांबरी सार्वजनिक रस्त्यावर येते. रानातल्या वाटांवर नाही.

भीमाशंकर १९८५ साली वन्यजीव अभयारण्य झालं. क्षेत्रफळ सुमारे १३१ चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. इथे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू होतो. त्याच्या कलम २७ मध्ये अभयारण्यात परवान्याशिवाय कोण जाऊ शकतं ते दिलं आहे: कामावरचा सरकारी माणूस, आत राहण्याची मुभा असलेला किंवा आत जमिनीचा हक्क असलेला माणूस, त्याच्यावर अवलंबून असलेले लोक, आणि सार्वजनिक महामार्गावरून ये-जा करणारा. आपण यातल्या शेवटच्या गटातले. म्हणजे देवळापर्यंतचा रस्ता खुला, पण रस्ता सोडून डावी-उजवीकडे चाक घातलं की परवान्याचा प्रश्न आला. पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास यांसाठी कलम २८ खाली परवाना मिळू शकतो. त्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात आधीच करायची. वाटेत वनरक्षक भेटल्यावर करायची ती चौकशी नव्हे, ती विनवणी.

आणि दंड? २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या उल्लंघनालाही तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दरवेळी तसं होतं असं नाही. पण ‘आम्हाला काय, दोन-पाचशे देऊ’ या हिशोबाने कुणी येऊ नये.

हद्द कुठे सुरू होते ते कसं कळणार?

मोठ्या रस्त्यावर वनविभागाचे फलक आहेत. पाणंदीवर नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो. हद्दीचे दगड असतात, पण गवत वाढल्यावर ते शोधणं कठीण. फोनवरच्या नकाशात अभयारण्य हिरवं दिसतं खरं, पण त्या हिरव्याच्या कडेवर विसंबू नका. राखीव वन, गावाची गायरानं, खासगी माळ हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे.

त्यात आणखी एक गुंता आहे. आहुपे, कोंढवळ, निगडाळे, भोरगिरी यांसारखी गावं अभयारण्यात किंवा अगदी त्याच्या काठावर वसलेली आहेत. गावात गेलात म्हणून तुम्ही अभयारण्याबाहेर आहात असं होत नाही. गावचा रस्ता सगळ्यांचा, पण गावामागची वाट कदाचित नाही.

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे विचारणं. गुरं घेऊन निघालेल्या मामांना राम राम घालून विचारा, ‘मामा, फॉरेस्टची हद्द कुठून लागती?’ उत्तर बहुधा हाताने दाखवलेलं मिळतं: त्या आंब्यापर्यंत आपलं, पल्याड त्यांचं. या माहितीला तोड नाही.

अभयारण्याबाहेरचं राखीव वन तरी मोकळं आहे ना?

नाही. तिथे भारतीय वन अधिनियम १९२७ आहे आणि राखीव वनात विनापरवाना घुसणं त्यातही गुन्हाच आहे. शिवाय वनहक्क कायदा २००६ प्रमाणे ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत, तिथे त्या रानाची राखण आणि व्यवस्था ग्रामसभेकडे असते. आंबेगाव तालुक्याचा पश्चिम भाग आदिवासींसाठीच्या अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथल्या ग्रामसभेचा शब्द नुसता शोभेचा नसतो. नेहमी एकाच वाटेने जाणार असाल, किंवा दहा-बारा जण मिळून येणार असाल, तर गावात आधी सांगून ठेवा. सरपंचांना एक फोन गेला तरी पुरतं, आणि पुढच्या वेळी चहाचं आमंत्रण येतं.

जाळरेषांबद्दल बरेच जण विचारतात. वणवा पुढे सरकू नये म्हणून वनविभाग उन्हाळ्याच्या तोंडावर गवत काढून, जाळून जे पट्टे तयार करतो, त्या जाळरेषा. डोंगराच्या धारेवरून सरळ उतरणारा तो मोकळा पट्टा पाहिला की सायकलवाल्याचा हात ब्रेकवरून सुटतो, हे आम्हालाही समजतं. पण ती वाट नाही, वनजमीन आहे.

मग चालवायचं कुठे?

तीन पट्टे सुचवतो. वाटांचे जीपीएस ट्रॅक देत नाही, त्याचं कारण पुढे आहे.

पहिला, चासकमान धरणाच्या भोवतालचा. राजगुरुनगरहून चासला पोचायला वेळ लागत नाही. भीमा नदीवरचं हे धरण. पाण्याच्या कडेने वाड्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून वाड्या-वस्त्यांना जोडणाऱ्या कच्च्या वाटा लागतात. चढ फार नाहीत, नवख्याला जमतील. चासचं सोमेश्वराचं देऊळ बघून पुढे जा. थोरल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई या चासच्या जोशी घराण्यातल्या.

दुसरा, सातगाव पठार. पेठ, कुरवंडी, थुगाव ही इथली गावं. खरिपात पठारभर बटाटा असतो, त्यामुळे शेतांमधून ट्रॅक्टरने मळलेल्या वाटांचं जाळं आहे. पठार असल्याने नजर लांब जाते आणि वारा अंगावर येतो. परतीला समोरून वारा लागेल असा रस्ता आखू नका, दमलेल्या पायांना तो अर्धा चढच पडतो. जंगलापासून हा भाग लांब आहे. माउंटन बाइक शिकायची असेल तर इथेच शिका.

तिसरा आणि सगळ्यांत देखणा, डिंभे धरणाचा काठ. घोड नदीवरच्या या धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असं नाव आहे. परदेशी मालाच्या ट्रकसमोर आडवे होऊन १२ डिसेंबर १९३० ला प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते मूळ आंबेगाव या पाण्याखाली गेलं. काठाने जाणारे रस्ते नागमोडी आहेत, प्रत्येक ओढ्यापाशी आत वळतात आणि पुन्हा सोंडेवर चढतात. पलीकडचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं, पण पोचायला तास लागतो.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवर सायकल घालावी का?

मोह होतो, कारण ती सपाट, मोकळी आणि फोटोला छान असते. पण नीट बघा. वरची साय वाळून तडकलेली असते, तिचे ताटाएवढे तुकडे कडेने वर वळलेले असतात. त्यावरून चाक गेलं की कुरकुर आवाज होतो आणि दहा-वीस मीटर मजेत जातात. मग पाण्याच्या जवळ तीच साय फुटून खाली ओला गाळ लागतो आणि पुढचं चाक हबपर्यंत रुततं. सायकल बाहेर काढताना आपलेही पाय पोटरीपर्यंत आत जातात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाणी हटल्यावर त्या गाळात लोक पिकं घेतात. याला गाळपेर म्हणतात. दुरून रिकामी वाटणारी जमीन जवळ गेल्यावर पेरलेली निघते. कोंब इतके बारीक असतात की सायकलवरून दिसत नाहीत. तेव्हा गुरांनी आणि माणसांनी मळलेली वाट असेल तेवढीच वापरा.

पाणंदीवरून जायला शेतकऱ्याची परवानगी लागते का?

पाणंद ही वहिवाटीची सार्वजनिक वाट. महसुलाच्या गाव नकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. कागदावर. जागेवर दोन्हीकडचे बांध दरवर्षी वीतभर आत सरकत आलेले असतात आणि मधे बैलगाडीही जाणार नाही एवढी चिंचोळी वाट उरते. त्या वाटेवरून भाऊबंदकी, तहसीलदाराकडे अर्ज, कोर्टकचेऱ्या चालू असतात. तुम्ही सायकल घेऊन आलात आणि कुणी खेकसलं, तर राग बहुधा तुमच्यावर नसतोच. ‘दादा, जाऊ का?’ एवढं विचारा. कुणाची बाजू घेऊ नका, आणि फोनवर सातबारा तर अजिबात उघडून दाखवू नका.

वाटेत बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकलेली दिसेल. ती गुरं पिकात जाऊ नयेत म्हणून असते. उचला, सायकल पलीकडे न्या, आणि फांदी होती तशी परत लावा. नुसती टाकू नका, काट्यांची बाजू बाहेर येईल अशी लावा. एवढ्या एका गोष्टीवरून गावात तुमच्याबद्दलचं मत ठरतं.

पश्चिमेकडे भातखाचरं आहेत. खाचराच्या बांधावरून सायकल कधीही नाही, पायी सुद्धा जपून. बांध फुटला की वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात जातं आणि दोन्ही घरांचं नुकसान होतं. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या कातळावर किंवा थेट डांबरावर हिरवट-काळी लहान फळं वाळत घातलेली दिसली तर तो बाळहिरडा. इथल्या महादेव कोळी कुटुंबांचं रोख पैशाचं ते मोठं साधन आहे. त्याला वळसा घाला.

कोणत्या महिन्यात यावं?

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. ऑक्टोबरात सडे सोनकीच्या फुलांनी पिवळे झालेले असतात, वाटा घट्ट असतात. नोव्हेंबरात भातकापणी चालू असते, तेव्हा वाटांवर भारे घेतलेली माणसं जास्त. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हाताची बोटं आखडतात, पूर्ण बोटांचे हातमोजे आणा.

मार्चनंतर ऊन. एप्रिल-मेमध्ये ठिकठिकाणी धूर दिसेल. सगळा धूर वणव्याचा नसतो, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात ती राबभाजणीही असते. पण डोंगराच्या अंगाला धुराची हलती रेघ दिसली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

महाशिवरात्रीला आणि श्रावणातल्या सोमवारी मंचर-भीमाशंकर रस्त्याकडे फिरकू नका. भाविकांच्या गाड्यांची रांग, आणि तुम्ही त्या रांगेच्या कडेला.

पावसाळ्यातच तर खरी मजा आहे, मग तेव्हा का नाही?

भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. राजगुरुनगर-मंचरच्या पट्ट्यात त्याच्या जेमतेम पाव. त्यामुळे पूर्वेकडे रिमझिमीत निघालेला माणूस दोन तासांत भलत्याच पावसात सापडतो. ओल्या वाटेवर चाकाची जी चाकोरी पडते, तिच्यातून पाणी वाहतं, पुढच्या सरीत ती खोल होते आणि हंगाम संपेपर्यंत पायवाटेचा ओहोळ झालेला असतो. आपण अर्ध्या तासाची मजा घेऊन घरी जातो, शाळेत जाणारी पोरं मात्र वर्षभर त्या ओहोळातून चालतात. काळ्या मातीत तर दोन फेऱ्यांत फ्रेम आणि टायरच्या मधे गोळा भरतो आणि चाक फिरायचंच थांबतं.

आणि दरडी. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. डिंभ्याच्या काठाने आहुप्याकडे जाताना माळीण लागतं. तिथे थांबावंसं वाटलं तर जरूर थांबा, पण सायकली उभ्या करून सेल्फी काढायची ती जागा नव्हे. संततधार चालू असताना डोंगराच्या कुशीतल्या रस्त्यांवर जाऊच नका. पावसाळ्यात वनविभाग काही धबधबे आणि वाटा बंदही ठेवतो.

पाऊस अनुभवायचाच असेल तर डांबरी रस्त्याने या, चिखलाची हौस सातगाव पठारावरच्या मुरमाड वाटांवर भागवा.

भोरगिरी ते भीमाशंकर ही वाट सायकलने होते का?

नाही. ती अभयारण्यातून जाते. ट्रेकर पायी जातात म्हणून सायकलही चालेल असं होत नाही. आणि खरं सांगायचं तर मुळं, दगड आणि ओढे यांमुळे निम्मी वाट सायकल खांद्यावरच असते. भोरगिरीपर्यंत सायकलने जा, कोटेश्वराचं देऊळ बघा, परत फिरा. कोकणातून, खांडसकडून चढणाऱ्या शिडी घाट आणि गणपती घाटाबद्दल विचारणारेही भेटतात. शिडी घाट या नावातच उत्तर आहे.

सायकल तर आवाज करत नाही, धूर सोडत नाही. मग प्राण्यांना त्रास कसला?

आवाज करत नाही हीच अडचण. चालणाऱ्या माणसाची चाहूल भेकराला लांबून लागते आणि ते सावकाश बाजूला होतं. उतारावरून पंचवीसच्या वेगाने येणारी सायकल वळणावर अचानक समोर उभी राहते. प्राणी दचकून कुठल्याही दिशेला उधळतो, कधी आपल्याच अंगावर. रानडुकराच्या बाबतीत हे फार महागात पडतं.

शेकरूचं उदाहरण घ्या. ही महाराष्ट्राची राज्यप्राणी, आणि हे अभयारण्य मुख्यतः तिच्यासाठी ओळखलं जातं. ती जमिनीवर फारशी उतरत नाही, एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते. एकच शेकरू अनेक घरटी बांधते. काटक्या-पानांचे मोठे गोळे उंच फांद्यांच्या बेचक्यात दिसतात. तिला लागतं ते सलग छत. वाट रुंद करायला कुणी चार फांद्या छाटल्या, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी वळणं कापून नव्या पायवाटा पाडल्या, की छताला भोकं पडायला लागतात. एका सायकलने काही बिघडत नाही. पण एका सायकलचा ट्रॅक शंभर जणांच्या फोनवर जातो.

म्हणूनच इथे ट्रॅक दिलेले नाहीत. स्ट्राव्हावर (राइड नोंदवून सगळ्यांना दाखवणारं ॲप) टाकताना तुम्हीही बघा: चुकून हद्दीच्या आत गेला असाल तर तो तुकडा लपवा किंवा राइडच खासगी ठेवा. कुणाच्या तरी विक्रमासाठी रानातल्या उतारावर शर्यत लागणं, याच्याइतकी वाईट गोष्ट त्या वाटेच्या वाट्याला येऊ शकत नाही.

माणसांसाठीही तेच लागू. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेल्या मावशींना मान वळवून मागे बघता येत नाही. घंटी लावा. भारी सायकलींना घंटी लावणं कमीपणाचं वाटतं लोकांना, का ते देव जाणे. लांबून वाजवा, वेग कमी करा, वाट अरुंद असेल तर उतरून त्यांना जाऊ द्या.

बिबट्याची भीती किती?

जंगलात कमी, उसात जास्त. जुन्नर वनविभागाच्या हद्दीतल्या खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या तालुक्यांत बिबटे उसाच्या फडात राहतात, तिथेच त्यांना पिल्लं होतात. माणसांवर हल्ले झाले आहेत, माणसं दगावली आहेत. ही ऐकीव भीती नाही. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र चालवावं लागतं, यावरून काय ते समजा.

सायकलवाल्यासाठी याचा अर्थ असा. अंधार पडायच्या आत आणि नीट उजाडल्यानंतरच उसालगतच्या वाटांवर राहा. ‘पहाटे चारला निघू’ हा शहरातला शिरस्ता इथल्या पूर्व भागात उपयोगाचा नाही, अंधार गाडीत काढा आणि सूर्य वर आल्यावर पेडल मारा. ऊसतोड सुरू झाली की फड मोकळे होतात आणि आतला बिबट्या जागा शोधत हिंडतो, त्या दिवसांत जास्त जपून. आणि फडाच्या कडेला उकिडवं बसून पंक्चर काढू नका. वाकलेला, खाली बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. सायकल ढकलत मोकळ्या जागेवर न्या, एकाने काम करावं, दुसऱ्याने उभं राहून लक्ष ठेवावं.

दिसलाच तर सायकलवरून पळायचं नाही. उतरा, सायकल मधे धरा, ताठ उभे राहा, मोठ्याने बोला, पाठ न दाखवता मागे सरका. बहुतेक वेळा तो आपल्या आधी निघून गेलेला असतो. मग जवळच्या घरी सांगा, त्यांची पोरं त्याच वाटेने शाळेत जातात.

कुत्री?

मेंढरांच्या कळपाबरोबरची कुत्री काम करत असतात, हे ध्यानात ठेवा. कळप दिसला की उतरा आणि सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मधे धरून चालत जा. चाक फिरायचं थांबलं की त्यांचा निम्मा राग जातो. मेंढपाळ हाक मारतो, कुत्री मागे फिरतात, तुम्ही पुढे. पाण्याचा फवारा मारणं, दगड उचलणं वगैरे करू नका.

साप, माश्या वगैरे?

घोणस आणि फुरसं दगडी बांधांत असतात, गवतात हात-पाय घालताना बघून. चावल्यास कापाकापी, चोखणं, आवळून बांधणं काहीही नको. चावलेला अवयव हलवू न देता १०८ ला फोन करून घोडेगाव किंवा मंचरचं सरकारी रुग्णालय गाठा. कड्याला लटकलेली आग्या मोहळं दिसली तर त्याखाली थांबू नका, बीडी-सिगारेट पेटवू नका.

कशी सायकल लागते?

पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल पुरते. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनवाल्या महागड्या सायकलीला साजेसे उतार या भागात आहेत, पण ते बहुतेक हद्दीच्या आत आहेत. तेव्हा तो खर्च वाचवा. टायर सव्वादोन इंचांच्या आसपासचे. डिस्क ब्रेक हवेतच.

खरा प्रश्न काट्यांचा. बाभूळ, बोर, आणि कुंपणाला टाकलेल्या वाळक्या फांद्या. ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रावण) भरून घेतलेलं असेल तर दिवसभरात किती काटे घुसले ते घरी टायर धुताना कळतं. ट्यूबवाले असाल तर एका सायकलमागे दोन जादा ट्यूब आणि पॅच. काटा काढताना टायरच्या आतून बोट फिरवा, तुटलेलं टोक राहिलं असेल तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. ट्यूबलेसमध्ये हवा पंचवीस पीएसआयच्या आगेमागे ठेवा, तुमच्या वजनाप्रमाणे. ठणठणीत भरलेलं चाक मुरमावर घसरतं.

मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक करकचून लावू नये हे सगळे सांगतात. मागचं चाक लॉक करून घसरत उतरणंही तितकंच वाईट, कारण वाट सोलून निघते. दोन्ही ब्रेक हलके, उताराच्या आधीपासून.

दुरुस्तीला कोण भेटेल?

मंचर आणि राजगुरुनगरला सायकलची दुकानं आहेत. चाकाचा आउट (वाकडेपणा) काढणं, स्पोक बदलणं ते झकास करतात. हायड्रॉलिक ब्रेकचं तेल किंवा तुमच्या फ्रेमचा डिरेल्यर हँगर (मागचा गिअर ज्याला लटकतो तो तुकडा) मिळणार नाही. तो हँगर आणि तुटलेली चेन जोडायची एक क्विक लिंक पिशवीत असू द्या. दगडावर गिअर आपटून हँगर वाकणं हे इथलं नेहमीचं.

एकट्याने यावं का?

पूर्वेकडच्या भागात हरकत नाही. वाड्याच्या किंवा डिंभ्याच्या पुढे फोनची रेंज येते-जाते, तिकडे निदान दोघे असावेत. घरी सांगताना ‘भीमाशंकरकडे’ एवढं सांगू नका, गावांची नावं द्या.

मोठा ग्रुप किंवा स्पर्धा आणायची आहे.

आठ-दहाच्या वर झालात की पाणंदीवर गर्दी होते. स्पर्धेसाठी ग्रामपंचायत, पोलीस, आणि वाट वनजमिनीला कुठे लागत असेल तर वनविभाग, अशा सगळ्यांकडे लेखी अर्ज लागतात. वाट दाखवायला फितीचे तुकडे आणि चुन्याचे बाण लावणार असाल तर ते संध्याकाळपर्यंत काढायची जबाबदारी कुणाची, हे आधी ठरवा. फांद्यांना अडकलेल्या मागच्या स्पर्धेच्या फिती अजून दिसतात.

ड्रोन?

अभयारण्यावर परवानगीशिवाय नाही. बाहेरही गुरं बुजतात.

गाडी कुठे लावायची?

गावाच्या चौकात, देवळापाशी, विचारून. शेताच्या तोंडाशी लावू नका, तुम्ही परत येईपर्यंत ट्रॅक्टर अडकून बसतो. पुण्याहून येताना चाकण सकाळी सहाच्या आत ओलांडा, नाहीतर सायकलपेक्षा क्लचच जास्त चालवाल.

जेवणाचं काय?

मोठ्या रस्त्यांवर हॉटेलं आहेत. आतल्या गावांत आधी सांगितलं तर घरगुती जेवण मिळतं. पश्चिमेकडे तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, सोबत पिठलं, ठेचा, दिवसाप्रमाणे रानभाजी. पूर्वेकडे बाजरी. अचानक आठ जणांनी जाऊन ‘काय आहे खायला’ विचारू नका, चूल पेटवण्यापासून सुरुवात असते. निदान आदल्या संध्याकाळी कळवा. त्या माउली पैसे नको म्हणतील, ते ऐकायचं नाही. आणि पाणी मागितलं तर पितळी तांब्या येईल, तो तोंडाला न लावता वरून प्यायचा. हेल्मेट घालून ते जमत नाही, आधी हेल्मेट काढा.